बघणाऱ्याची जागा



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्या सरांनी या गावाला सिनेमा पाहायला शिकवलं. शाळेच्या सभागृहात पांढरं कापड ताणून ते चित्रपट दाखवत. खेळ संपला की आम्ही मुलं अर्थ विचारायचो. त्या पक्ष्याचा अर्थ काय, त्या बंद दाराचा अर्थ काय. सर थेट उत्तर देत नसत. उलट विचारायचे, "तू हे सगळं कुठून पाहत होतास?" माझं आजचं बोलणं या प्रश्नाभोवतीच फिरणार आहे, कारण चित्रपटातल्या प्रतीकांबद्दल आपल्याकडे जे बोललं जातं त्यात हा प्रश्न बहुधा सुटून जातो.

आपण प्रतीकांची यादी करतो. दिवा म्हणजे प्राण, पिंजरा म्हणजे बंधन, नदी म्हणजे काळ. दिग्दर्शकांनीही या यादीवर वर्षानुवर्षं काम भागवलं आहे. घरातलं माणूस गेलं की समई विझते, सौभाग्यावर घाला येणार असला की कुंकवाचा करंडा सांडतो, प्रेमिक जवळ आले की दोन फुलं एकमेकांना टेकतात. अशा खुणा प्रेक्षकाला लगेच कळतात, आणि तेवढ्यापुरता त्यांचा उपयोग नाकारण्याचं कारण नाही. पण त्या आपल्याला नव्याने काही दाखवत नाहीत. जे कथेतून आधीच समजलं आहे तेच त्या पुन्हा एकदा सांगतात. समईचा अर्थ चित्रपट सुरू होण्याआधीच ठरलेला असतो. त्यासाठी कॅमेऱ्याची गरजच नव्हती.

माझं म्हणणं असं आहे की चित्रपटात वस्तू एकटी प्रतीक होत नाही. ती कुठून पाहिली, तिच्या शेजारी काय ठेवलं, काय चौकटीबाहेर टाकलं आणि ती पाहणारा कोण आहे, या सगळ्यांतून अर्थ तयार होतो. चित्रकाराचा कागद कोरा असतो आणि तो भरत जातो. कॅमेऱ्यासमोर जग आधीच गच्च भरलेलं असतं. दिग्दर्शकाला वगळावं लागतं. चौकटीच्या चार कडा म्हणजे वगळण्याचे चार निर्णय आहेत. पाचवा निर्णय, कॅमेरा कुठे उभा करायचा, हा त्याहून मोठा, कारण कॅमेऱ्याची जागा हीच पुढे प्रेक्षकाची जागा होते. आपण तिथे बसलेलो असतो, आणि ती आपण निवडलेली नसते.

ऑर्सन वेल्स यांच्या 1941 सालच्या 'सिटिझन केन'मधला एक प्रसंग चित्रपटाच्या वर्गांत जगभर शिकवला जातो. मी तो थोडक्यात सांगतो, कारण वस्तू कशी बोलते ते त्यात स्वच्छ दिसतं. बर्फाळ प्रदेशातलं लाकडी घर आहे. अगदी पुढे टेबलाशी आई बसली आहे, शेजारी बँकेचा माणूस थॅचर. मुलाला बँकेच्या ताब्यात देण्याच्या कागदावर ती सही करते आहे. वडील जरा मागे उभे राहून विरोध करत आहेत. आणि सगळ्यांच्या मागे, खिडकीच्या तावदानात, बर्फात खेळणारा लहानगा चार्ल्स. छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांनी पुढचं टेबल आणि मागचा मुलगा सारखेच स्पष्ट ठेवले आहेत. मुलगा आनंदाने ओरडतो आहे, त्याचा आवाज आत येतो आहे. खिडकी म्हणजे तुरुंग असं तिथे कुणीही म्हणत नाही. पण ज्याच्या आयुष्याचा निकाल पुढे लागतो आहे तो मागे एवढासा दिसतो, आणि आपण बसलो आहोत सही करणाऱ्यांच्या टेबलाशी. आपल्याला ती जागा नको असली तरी दुसरी दिलेली नाही.

आता आपल्या घरी येऊ. आपल्याकडे पडद्यासमोर बसण्याची पहिली जागा देवळातून आली असं मला वाटतं. दादासाहेब फाळके यांनी चित्रपट काढण्याआधी लोणावळ्याला राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी काम केलं होतं. त्या छापखान्यातून घरोघर गेलेल्या देवदेवतांच्या चित्रांत देव समोर पाहतो, म्हणजे भक्ताकडे पाहतो. तीच बैठक फाळक्यांच्या पडद्यावर आली. 'कालिया मर्दन' हा त्यांचा 1919 सालचा चित्रपट. त्यात कृष्ण झाली आहे त्यांची लहान मुलगी मंदाकिनी. सुरुवातीला फाळके ही मुलगी आपल्याला मुलगी म्हणूनच दाखवतात. ती कॅमेऱ्याकडे तोंड करून वेगवेगळे भाव करून दाखवते, आणि मग तीच पडद्यावर कृष्ण होते. जादू कशी केली ते आधी उघड सांगायचं आणि तरीही पुढे प्रेक्षकाचे हात जोडले जातील असं पाहायचं, एवढा आत्मविश्वास त्या माणसाकडे होता. मंदाकिनी आपल्याकडे पाहते तेव्हा आपण प्रेक्षक असतो, आणि कृष्णाच्या वेशात पाहते तेव्हा गाभाऱ्यासमोर उभे असतो. चेहरा एकच आहे. आपली जागा बदलली आहे.

दामले आणि फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' 1936 सालचा. पुण्यात, प्रभातच्या स्टुडिओत तयार झाला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यातले तुकाराम, विष्णुपंत पागनीस आठवा. ते गातात तेव्हा त्यांची नजर विठ्ठलापाशी असते, आपल्यापाशी नसते. सालोमालो त्याच रचना आपल्या म्हणून गातो, पण त्याचं गाणं ऐकणाऱ्यांसाठी असतं. खरं काय आणि खोटं काय हे एका शब्दाचाही खुलासा न करता डोळ्यांच्या दिशेवरून कळतं. पण मला या चित्रपटातली सगळ्यांत धीट गोष्ट वाटते ती जिजाई. गौरी या अभिनेत्रीने ती भूमिका केली आहे. मूल आजारी पडल्यावर ही बाई त्याला घेऊन देवळात शिरते आणि विठ्ठलावर वहाण उगारते. गाभारा तोच, मूर्ती तीच, उभं राहण्याची जागाही भक्ताचीच. फक्त तिथे आता संसार चालवणारी, रिकाम्या डब्यांचा हिशेब माहीत असलेली बाई उभी आहे. तिच्या बाजूने पाहिल्यावर तो देव काही क्षण घरचा बेजबाबदार माणूस दिसतो. शेवटी तुकाराम वैकुंठाला जातात आणि जिजाई घरी राहते. भक्तीची एवढी मोठी कथा सांगताना दामले-फत्तेलाल यांनी जमिनीवर राहणारीची बाजू चौकटीबाहेर ढकलली नाही, म्हणून आजही तो चित्रपट कोरडा वाटत नाही.

मला आज मुख्यतः ज्या चित्रपटांबद्दल बोलायचं आहे त्यांतला पहिला म्हणजे व्ही. शांताराम यांचा 'कुंकू', साल 1937. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून केलेला. नीरा या तरुण मुलीचं लग्न फसवणुकीने काकासाहेब या म्हाताऱ्या बिजवराशी लावलं जातं, आणि ती त्याला नवरा मानायचं नाकारते. शांता आपटे नीरा, केशवराव दाते काकासाहेब. शांताराम 1933 साली 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींसाठी जर्मनीला जाऊन आले होते. प्रकाश आणि सावली यांच्याकडून काम करून घेणाऱ्या तिथल्या चित्रपटांची छाप पुढच्याच वर्षीच्या 'अमृतमंथन'वर स्पष्ट दिसते. हिंदी आवृत्तीत चंद्रमोहन यांचा एकच डोळा पडदा व्यापून टाकतो. तो डोळा भीतीदायक आहे, पण ती भीती थोडी नाटकी आहे, समोरच्याला दरडावणारी आहे. 'कुंकू'पर्यंत येताना शांतारामांनी ती नजर घरात आणली आणि घरातल्या साध्या वस्तूंवर ठेवली. भिंतीवरचं जुनं घड्याळ. छत्री. काठी. आरसा.

आरशाचाच प्रसंग घ्या. काकासाहेब वकील आहेत, समाजात मान आहे, आणि या वयात तरुण दिसण्याची धडपड चालू आहे. आरसा फुटतो, आणि प्रत्येक तुकड्यात त्यांचा चेहरा दिसतो. फुटलेला आरसा म्हणजे भंगलेलं मन, असा अर्थ परीक्षेच्या पेपरात लिहिता येईल आणि गुणही मिळतील. पण पडद्यावर त्याहून वेगळं काहीतरी घडतं. तोवर काकासाहेब इतरांकडे पाहत होते. नीराकडे पाहत होते, तिच्यावर आपला हक्क आहे असं समजून पाहत होते. तुकड्यांतून आता त्यांच्याकडेच पाहिलं जातं, एकदम सगळीकडून. पाहणारा पाहिला जातो. वयाची, अधिकाराची, लग्नाने मिळालेल्या मालकीची जी काही ऐट होती ती या एका उलथापालथीत गळून पडते, आणि नीराला त्यासाठी एक शब्दही बोलावा लागत नाही.

या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. 1937 साली हा निर्णय घेणं म्हणजे काय, ते त्या काळचे इतर बोलपट ऐकले की कळतं. जे ऐकू येतं ते त्या घरातलं असतं. गाणं आलं तर त्याचा उगमही प्रसंगातच असतो, कधी ग्रामोफोनच्या रूपाने समोर दिसतो. आपल्याला काय वाटायला हवं ते कुणी व्हायोलिनवर वाजवून सांगत नाही, त्यामुळे डोळ्यांना काम करावं लागतं. घड्याळाचा टोला पडतो आणि आपण घड्याळाकडे पाहतो. ते जुनं घड्याळ आणि तो म्हातारा एकमेकांशी बांधले गेले आहेत हे आपलं आपल्याला उमगतं. आवाजाच्या या संयमामुळेच या चित्रपटातल्या वस्तू आजही ताज्या वाटतात.

आणि ज्या वस्तूचं नाव चित्रपटाला दिलं आहे तिच्याबद्दल तर मला पुष्कळ दिवस बोलायचं होतं. 'कुंकू' कृष्णधवल आहे. नीराच्या कपाळावर जे दिसतं तो काळपट ठिपका आहे. लाल रंग संपूर्ण चित्रपटात कुठेही नाही. तरीही महाराष्ट्रातल्या एकाही प्रेक्षकाने तो ठिपका काळा पाहिला नसेल. लाल आपण घालतो, आपल्या आईच्या, आजीच्या कपाळावरून आणून घालतो. म्हणजे प्रतीकाचा अर्धा भाग प्रेक्षक घरून घेऊन येतो. शांतारामांनी हे ओळखलं होतं आणि त्या घरून आणलेल्या अर्थालाच त्यांनी प्रश्न विचारला. ज्या ठिपक्यापुढे आपण सवयीने मान लववतो तो या मुलीच्या कपाळावर सक्तीची खूण म्हणून दिसायला लागतो. आपणच आणलेला लाल रंग आपल्याला टोचू लागतो.

मला या चित्रपटाचा शेवट मात्र पटत नाही. काकासाहेबांना चूक उमगते, ते तिला मुलगी मानतात आणि स्वतःचा जीव देतात. तोपर्यंत नीराच्या बाजूने उभा असलेला कॅमेरा शेवटी म्हाताऱ्याच्या दुःखाकडे वळतो, आणि आपली सहानुभूतीही त्याच्यामागून जाते. केशवराव दाते यांचा अभिनय इतका उत्तम आहे की हे घडताना जाणवतही नाही. पण अन्याय ज्याने केला त्याच्या प्रायश्चित्ताला पडदा मिळतो, आणि जिच्यावर झाला तिचं पुढे काय हे चौकटीबाहेर राहतं. शांतारामांच्या नंतरच्या रंगीत चित्रपटांत, 'झनक झनक पायल बाजे' किंवा 'नवरंग'मध्ये, रंग आणि सजावट यांनी पडदा गच्च भरला. मला त्यांत 'कुंकू'तला मोकळा श्वास सापडत नाही.

लाल रंगाचा विषय निघालाच आहे तर मी एकदम 2016 सालात उडी मारतो. 'सैराट'चा शेवट इथे बहुतेकांनी पाहिला असेल. आर्ची आणि परशा यांचं परमुलखातलं छोटं घर. दारात रांगोळी. माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन आली आहेत. मग शेजारीण त्यांच्या लहान मुलाला घरी आणून सोडते, आणि तिथून आवाज नाहीसा होतो. मूल आत जातं, खून झालेल्या आईबापांना पाहतं, रडत बाहेर पडतं, आणि त्याच्या इवल्या पावलांचे रक्ताचे ठसे मागे उमटत जातात. गौरी येतात तेव्हा आपण दारापासून आत येणारी पावलं काढतो. ती पावलं महाराष्ट्राच्या डोळ्यांत इतकी मुरलेली आहेत की दिग्दर्शक नागराज मंजुळे यांना त्यांचा उल्लेखही करावा लागत नाही. इथे पावलं उंबऱ्यावरून बाहेर जातात. घरात लक्ष्मी आणणारी खूण उलटी झाली आहे. इथेही अर्थाचा अर्धा भाग आपणच आणला. आणि म्हणून आपल्याला त्या खुनाकडे दुसऱ्या कुणाचा गुन्हा म्हणून पाहता येत नाही. आपल्या सणाची खूण त्या फरशीवर आहे.

उंबऱ्याबद्दल बोलताना जब्बार पटेल यांच्या 1982 सालच्या 'उंबरठा'चं नाव घ्यायला हवं, पण मी तिथे फार थांबणार नाही. स्मिता पाटील यांची सुलभा घराच्या दारात परत येऊन उभी राहते तेव्हा घर तिच्याशिवाय नीट लागलेलं असतं, आणि तिला तिथे जागा उरलेली नसते. त्या चित्रपटाचं बळ विजय तेंडुलकर यांच्या पटकथेत आणि स्मिता पाटील यांच्या चेहऱ्यात आहे. उंबरठा हे प्रतीक त्याच्या नावात जेवढं ठळक आहे तेवढं ते प्रसंगांत मिरवत नाही, हे मला आवडतं.

आता 'फँड्री'. 2013 सालचा, नागराज मंजुळे यांचा पहिला मोठा चित्रपट. जब्या हा कैकाडी समाजातला शाळकरी मुलगा. सोमनाथ अवघडे या मुलाने ते काम केलं. वडील कचरू, म्हणजे किशोर कदम. जब्याला वर्गातली शालू आवडते. काळ्या चिमणीला जाळून तिची राख शालूवर टाकली की ती वश होईल असं त्याला कुणीतरी सांगितलं आहे, म्हणून तो गलोल घेऊन माळरानावर काळी चिमणी शोधत हिंडतो. चित्रपट प्रदर्शित झाल्यावर जिथे जिथे चर्चा झाली तिथे काळ्या चिमणीचा अर्थ विचारला गेला. स्वातंत्र्य, स्वप्न, जात, हाती न लागणारं सुख, अशी उत्तरं ऐकली. सगळी चालतील. पण चिमणीच्या अर्थात अडकलं की या चित्रपटाने केलेलं मोठं काम नजरेतून निसटतं.

शेवटचा भाग आठवा. गावाची डुकरं पकडायची कामगिरी कचरूच्या कुटुंबावर येते. डुक्कर शाळेच्या आसपास पळतं, आणि शाळा भरलेली आहे. जब्याची सगळी धडपड आता डुक्कर पकडण्याची नसते. त्याला दिसायचं नसतं. तो भिंतीआड जातो, कोपऱ्यात दबून बसतो, कारण पलीकडे शालू आहे, वर्गातली मुलं आहेत. बाप त्याला ओढून बाहेर काढतो. या पोराला चौकटीतून बाहेर पडायचं आहे, आणि त्याला चौकटीत धरून कोण ठेवतं आहे? कॅमेरा. म्हणजे आपण. तो भिंतीआड गेला की आपण भिंतीच्या त्याच बाजूला त्याच्याबरोबर असतो, आणि तो उघड्यावर आला की बघ्यांच्या रांगेत. गावची पोरं हसत आहेत, सामना पाहायला बसावं तशी बसली आहेत. एकजण हा सगळा प्रकार मोबाइलवर टिपतो. तो मोबाइलचा छोटा पडदा आणि आपल्यासमोरचा मोठा पडदा यांच्यात तत्त्वतः काय फरक आहे? 'फँड्री' पाहताना मला सगळ्यांत अस्वस्थ करतो तो हा प्रश्न. एखाद्याच्या अपमानाचं चित्रण करणं आणि त्या अपमानात सामील होणं यांच्यामधली रेषा किती बारीक आहे, हे मंजुळे जाणतात, आणि ते स्वतःच्या कॅमेऱ्यालाही त्या आरोपातून सोडत नाहीत.

मग डुक्कर अगदी हाताशी येतं आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुक्कर निघून जातं. चौकटीत फक्त उभी माणसं आहेत. राष्ट्राने त्यांना काय दिलं असा प्रश्न कुणी उच्चारत नाही. त्यांच्याकडून काय घेतलं जातं आहे ते आपण पाहतो आहोत, आणि तेही ते आदराने देत आहेत. नंतर पकडलेलं डुक्कर काठीला बांधून ते घरी निघतात. मागे शाळेची भिंत आहे, आणि भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले आणि इतर सुधारकांची चित्रं. ही चित्रं महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर असतात. ती दिग्दर्शकाने कुठून आणून टांगलेली नाहीत. त्याने फक्त कॅमेरा असा ठेवला की भिंत आणि डुक्कर वाहणारी माणसं एकाच चौकटीत यावीत. भाषण नाही, संगीताचा उमाळा नाही. कुटुंब एका बाजूने येतं, भिंतीपुढून जातं. मला विचाराल तर मराठी पडद्यावरच्या सर्वांत सच्च्या चौकटींपैकी ही एक आहे. समाजसुधारणेवर आपण जे बोलत आलो आणि जे करत आलो, ते दोन्ही त्यात एकमेकांच्या अंगाला लागून उभे आहेत.

आणि शेवटी जब्याचा संयम सुटतो. तो दगड मारत सुटतो, आणि शेवटचा दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो. पडदा काळा होतो. या दगडावर पुष्कळ लिहून आलं आहे आणि तो व्यवस्थेवर मारलेला आहे असं म्हटलं जातं. मला ते अपुरं वाटतं. व्यवस्था हा शब्द फार दूरचा आणि सोयीचा आहे. दगड आला तो जिथे आपण बसलो होतो तिथे. फाळक्यांच्या पडद्यावरून कृष्ण समोर पाहत होता आणि आपण हात जोडत होतो. त्याच समोरून आता एक मुलगा आपल्याकडे पाहतो, आणि त्याने आपली जागा ओळखली आहे. बघ्यांत बसून, पैसे मोजून, हळहळत आपण त्याला पाहिलं हे त्याला ठाऊक आहे.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' 2014 सालचा. त्याची रीत नेमकी उलटी. इथे कॅमेरा दूर उभा राहतो आणि हलत नाही. नारायण कांबळे या शाहिरावर आरोप आहे की त्याच्या गाण्यामुळे वासुदेव पवार या गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. वीरा साथीदार यांनी कांबळे साकारले. मुंबईतलं सत्र न्यायालय, भिंतींचा उडालेला रंग, कागदांचे ढीग, आणि मृणाल देसाई यांचा स्थिर कॅमेरा. पारंपरिक न्यायालयीन चित्रपटात वकील बोलला की त्याचा चेहरा जवळून दिसतो, साक्षीदार अडखळला की त्याचे डोळे. इथे सगळे एकाच अंतरावर आहेत. ज्याच्यावर खटला चालू आहे तो, पुढच्या खटल्यासाठी वाट पाहत बसलेला अनोळखी माणूस, कागद सरकवणारा कारकून. कुणालाही मोठं केलेलं नाही. पहिली पंधरा मिनिटं प्रेक्षकाची चुळबुळ होते, नजर कुठे ठेवावी ते कळत नाही. मग हळूहळू आपणच निवडायला लागतो, आणि आपण कुणाकडे पाहायचं टाळत होतो तेही आपल्या लक्षात येतं.

वासुदेव पवारची विधवा साक्ष द्यायला येते. तिचा नवरा गटारात उतरण्याआधी खडा टाकून पाहायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे. वासाने असह्य व्हायचं म्हणून प्यायचा. विषारी वायूने एक डोळा गेला होता. हे ती सपाट आवाजात, प्रश्न विचारले तेवढंच सांगते. दुसरा कुणीही दिग्दर्शक असता तर इथे आपल्याला गटार दाखवलं असतं, काळं पाणी, बुडणारा हात. ताम्हाणे ते दाखवत नाहीत. वासुदेव पवारचा मृत्यू पडद्यावर कधीच येत नाही. चौकटीबाहेर काय ठेवायचं याचा इतका कठोर विचार मी आपल्या चित्रपटांत क्वचित पाहिला आहे. दाखवलं असतं तर आपण शहारलो असतो आणि शहारून मोकळे झालो असतो. न दाखवल्यामुळे ते गटार न्यायालयाबाहेर, रस्त्यावर, आपण घरी जाताना ओलांडतो तिथे राहतं.

आता एक तक्रार. ही सगळी रचना आपण आज पाहतो कशी? जुने चित्रपट वाहिन्यांवर आणि इंटरनेटवर सर्रास कापून किंवा ताणून दाखवले जातात. 'कुंकू'ची मूळ चौकट जवळजवळ चौकोनी आहे, रुंदी चार तर उंची तीन. आजचे पडदे आडवे. मग रिकामी जागा दिसू नये म्हणून चित्र आडवं ओढलं जातं आणि शांता आपटे यांचा चेहरा पसरट होतो, किंवा वर-खाली कापलं जातं आणि कपाळच जातं. ज्या चित्रपटाचं नाव 'कुंकू' आहे त्यात कपाळ कापलं जावं! गुरुदत्त यांच्या 'कागज़ के फूल'वर उलट संकट आलं. 1959 सालचा तो भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. छायाचित्रकार व्ही. के. मूर्ती यांनी रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा प्रकाशाचा झोत आणि त्याच्या दोन बाजूंना दुरावलेली दोन माणसं अशी जी रचना केली, तिच्यातलं अंतर हाच तिचा विषय आहे. जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या चौकोनात बसवताना ते अंतरच कापलं जात असे. शब्द सगळे शाबूत, गाणं शाबूत, आणि दिग्दर्शकाने जे म्हटलं ते गायब. एखाद्या कवितेच्या ओळी कुणी पानाच्या मापाने छाटल्या तर आपण गप्प बसणार नाही. इथे मात्र बसतो.

पुण्यात प्रभातच्या जागेवर 1960 पासून चित्रपट संस्था आहे, जवळच 1964 साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. ज्या मातीत 'कुंकू' आणि 'संत तुकाराम' तयार झाले तिथेच ते जपण्याचं काम चालतं, ही फार थोड्या भाषांच्या वाट्याला येणारी गोष्ट आहे. पण जपलेलं चित्र आणि लोकांपर्यंत पोचलेलं चित्र यांच्यात आपल्यासारख्या छोट्या गावांतल्या मंडळांची मोठी जबाबदारी आहे. म्हणून संयोजकांना माझी विनंती आहे. इथल्या शाळेत 'कुंकू' दाखवाल तेव्हा प्रोजेक्टरची मांडणी चारास तीन ठेवा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिल्या तर राहू द्या, आणि चित्रपट शांत वाटतो म्हणून मधे संगीत लावू नका. 'फँड्री' दाखवाल तेव्हा दगडानंतरचा काळा पडदा पुरता संपू द्या, आभाराचं भाषण जरा थांबू शकेल. आणि 'कोर्ट' दाखवताना एवढं सांभाळा: शेवटाकडे न्यायालय उन्हाळी सुट्टीसाठी बंद होतं, दालनातले दिवे मालवले जातात आणि अंधार होतो. खेळ संपला असं समजून कुणी सभागृहातले दिवे लावू नयेत. त्यानंतर न्यायाधीश सदावर्ते यांची सहल आहे, बाकावर लागलेली त्यांची डुलकी आहे, खोडी काढणाऱ्या मुलाला त्यांनी मारलेली थप्पड आहे, आणि ते पाहिल्याखेरीज नारायण कांबळेचा खटला पुरा होत नाही.